बिऱ्हाडकरूंस वेशीबाहेर ठेवणार काय?

शहरांत मालकीच्या घरांची नवी इमारत उठावयाची असली म्हणजे आसपासच्या रहिवाशांस तिची फारशी दखल घ्यावीशी वाटत नाहीं. धूळ उडते, दोन-चार वर्षें कुरकुर चालते आणि पुढें नव्या शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीस सर्व जण आनंदानें जाऊन येतात. परंतु तीच इमारत, तितक्याच मजल्यांची व तितक्याच उंचीची, केवळ भाड्यानें देण्यासाठीं बांधली जाणार आहे अशी वार्ता कानीं आली कीं वस्तीचा नूर पालटतो. सभा भरतात, सह्यांचे अर्ज निघतात, लोकप्रतिनिधींच्या दारीं शिष्टमंडळें जातात, आणि वर्षानुवर्षें एकमेकांशीं न बोलणारे शेजारी या एका कामापुरते एकदिलानें उभे राहतात. महाराष्ट्र सरकारनें मे २०२५ मध्यें मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणांत विद्यार्थी, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक व औद्योगिक कामगार यांच्या निवासाची आणि भाड्याच्या घरांची तजवीज करण्याचा संकल्प आहे. हा संकल्प कागदावरून जमिनीवर उतरावयाचा तर अशा इमारती कोणाच्या तरी शेजारींच उभ्या राहणार. म्हणून या विरोधाचा विचार आतांच, शांतपणें व मुद्देसूद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हरकत घेण्याचा नागरिकांचा हक्क आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. विकास आराखड्यांत फेरबदल करण्यापूर्वीं लोकांच्या हरकती व सूचना मागविण्याची जी तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यांत आहे, ती सरकारनें प्रजेवर केलेली मेहेरबानी नव्हे. ज्याच्या गल्लीचें रूप बदलणार त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून तें बदलूं नये, हें लोकसत्तेचें साधें तत्त्व आहे. परंतु हरकती दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार इमारतीविषयींचा, दुसरा त्या इमारतींत राहावयास येणाऱ्या माणसांविषयींचा. अर्जांत हे दोन प्रकार एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं पुष्कळदां अर्जदारांसही ते निराळे करून दाखवितां येत नाहींत. ही निवड आज आम्ही करूं इच्छितों.

इमारतीविषयींच्या हरकती प्रथम घेऊं. साठ बिऱ्हाडांची सहा-सात मजली इमारत धरली व दर बिऱ्हाडीं चार माणसें धरलीं, तर वस्तींत दोनशें चाळीस माणसांची भर पडते. शहरी पाणीपुरवठ्याचा आराखडा करतांना आपल्या देशांत माणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण सामान्यतः धरतात. त्या हिशेबानें रोज ३२,४०० लिटर पाणी लागेल, आणि त्यांतील बहुतेक सांडपाणी होऊन त्याच जुन्या वाहिन्यांत जाईल. नळास तितका दाब आहे काय, मलवाहिनीस तेवढा भार पेलेल काय, आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशीं वळेल काय, शेजारच्या तळमजल्यांस उजेड राहील काय, हे सर्व प्रश्न रास्त आहेत. महापालिकेनें त्यांचीं उत्तरें आंकड्यांनिशीं द्यावींत. 'आवश्यक ती काळजी घेण्यांत येईल' या ठराविक वाक्यानें कोणीही आपलें समाधान करून घेऊं नये.

तथापि, नळास मालक व भाडेकरू हा भेद कळत नाहीं. साठ कुटुंबें विकत घेतलेल्या घरांत राहिलीं तरी तितकेंच पाणी पितील व तितकेंच सांडतील. इतकेंच नव्हे, तर आज मुंबईंत व पुण्यांत कित्येक गृहसंस्था आपल्या तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती पाडून त्याच जागीं उंच मनोरे चढविण्याचे पुनर्विकासाचे करार मोठ्या उत्साहानें करीत आहेत. वाढलेले मजले बाजारांत विकले जातात, त्यांच्या किमतींतून सभासदांस मोठें घर मिळतें, आणि त्या प्रसंगीं गल्लींतील गटाराच्या रुंदीची आठवण फारशी कोणास होत नाहीं. आपल्या वीस मजल्यांस पुरणारें पाणी दुसऱ्याच्या सात मजल्यांस कां पुरूं नये, या प्रश्नाचें उत्तर जलशास्त्रांत सांपडणार नाहीं. तें दुसऱ्या प्रकारच्या हरकतींत सांपडतें.

त्या दुसऱ्या प्रकाराची भाषा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. भाडेकरू आज येतो व उद्यां जातो, त्यास वस्तीविषयीं आस्था नसते. एकटे तरुण येतील, एकट्या मुली येतील, रात्रीं-अपरात्रीं जा-ये होईल. कोण कोठला याचा पत्ता लागणार नाहीं. वस्तीचें वळण बिघडेल. आणि सरतेशेवटीं, घरांच्या किमती उतरतील. यांतील पहिला आक्षेप पाहावा. भाडेकरू अस्थिर असतो हें खरें. परंतु त्यास अस्थिर केलें कोणीं? आपल्याकडे घर अकरा महिन्यांच्या करारानें देण्याची चाल पडून गेली आहे. अकरा महिने भरले कीं नवा करार, नवी दलाली, वाढीव भाडें. आणि तें न परवडल्यास सामानाचा टेंपो दारीं. ज्यास आपण दर वर्षीं उठवितों त्याच्या मुळ्या या मातींत रुजत नाहींत म्हणून आपणच त्यास दोष देतों. पत्त्याविषयीं बोलावयाचें तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें घर भाड्यानें वा परवान्यानें देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें ठरवून दिलें आहे. ज्याच्या राहण्याची नोंद अशा रीतीनें सरकारदरबारीं करावी लागते, तोच 'कोण कोठला' ठरावा, हें नवल आहे.

किमतीचा मुद्दा मात्र हरकतदार हळू आवाजांत बोलतात, म्हणून आम्ही तो मोठ्यानें बोलतों. ज्यानें आयुष्याची मिळकत घालून व वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घेऊन घर घेतलें, त्यास त्या घराचें मोल उतरण्याची भीति वाटावी यांत आश्चर्य नाहीं. त्या भीतीची आम्ही थट्टा करीत नाहीं. परंतु खरेदीखतानें चार भिंती विकत मिळतात. समोरच्या पटांगणावर कोणीं राहावें व कोणीं राहूं नये हें ठरविण्याचा अधिकार त्या खतांत लिहिलेला नसतो. रस्ते, नळ, दिवे, शाळा व आगगाडीचें स्थानक यांमुळें ज्या जागेस मोल चढलें, तें मोल साऱ्या शहरानें चढविलें आहे. त्यांत पहाटे बस हांकणारा आहे, रुग्णालयांत रात्रपाळी करणारी परिचारिका आहे, दुकानांत उभा राहणारा पोऱ्याही आहे. या माणसांनीं शहर चालवावें आणि रात्रीं मात्र दोन तासांच्या प्रवासावर निघून जावें, अशी व्यवस्था ज्यांस सोयीची वाटते त्यांनीं तिचें समर्थन उघडपणें करून दाखवावें.

आणि हें समर्थन करणार कोण? ज्यांचे आजे-पणजे मुंबईंत बिऱ्हाडकरू म्हणूनच आले, ते! महाराष्ट्राचा शहरी मध्यमवर्ग व कामगारवर्ग हे दोन्ही भाड्याच्या खोलींत वाढले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें कहर केल्यावर १८९८ मध्यें शहर सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याच्या चाळी उठल्या. पुढें १९२० सालीं निघालेल्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें तीन मजली चाळी बांधल्या. अशा २०७ चाळी झाल्या, प्रत्येकींत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्याही योजनेवर त्या काळीं टीकेचा भडिमार झाला, आणि ती टीका पुष्कळ अंशीं यथार्थ होती. खर्च हाताबाहेर गेला, भाडें मजुरास जड पडलें, आसपास बाजार व सोयी नव्हत्या, आणि आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. परंतु ती टीका इमारतीवर होती, कारभारावर होती. तिचा उपयोग झाला, व पुढें त्याच खोल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. याच चाळींच्या पुनर्विकासांतून वरळीच्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें पांचशें चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आम्हांस त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र एका पिढीस मालकी मिळाली म्हणजे पुढच्या बिऱ्हाडकरूसाठीं दार बंद झालें, असें होतां कामा नये.

गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. तो ज्यांनीं चालविला ते भाडेकरूच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें वास्तव्य १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशांतील शिक्षणाचा काळ वगळतां, परळच्या ट्रस्टच्या चाळींत होतें. म्हणजे महाडचा सत्याग्रह व गोलमेज परिषदा या काळांत त्यांचा पत्ता भाड्याच्या दोन खोल्यांचा होता. भाडेकरूस वस्तीविषयीं आस्था नसते हें विधान या इतिहासापुढें टिकत नाहीं.

ज्या सहकारी गृहसंस्थांच्या नांवानें हे अर्ज निघतात, त्यांनींही आपलें मूळ आठवावें. मुंबईंत गांवदेवी येथें १९१५ सालीं स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहसंस्था ही या देशांतील अशा संस्थांची अग्रणी समजली जाते. आपल्या सहकारी कायद्याच्या नियमांत गृहसंस्थांचे जे वर्ग दिले आहेत त्यांची नांवें 'भाडेकरू मालकी' व 'भाडेकरू सहभागीदारी' अशीं आहेत. एकेकट्या भाडेकरूस घरमालकापुढें वांकावें लागूं नये म्हणून भाडेकरूंनीं एकत्र येऊन स्वतःच सामुदायिक मालक व्हावें, ही त्यामागील कल्पना होती. तींतून निघालेल्या संस्थाच आज भाडेकरूचें नांव ऐकतांच दार लावून घेतात. घर भाड्यानें देणाऱ्या सभासदाकडून कांहीं संस्था इतकें जबर शुल्क घेऊं लागल्या होत्या कीं १ ऑगस्ट २००१ रोजीं सरकारला आदेश काढून तें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर रोखावें लागलें.

येथें घरमालकांच्या बाजूचें म्हणणेंही सांगितलें पाहिजे. भाड्याचें घर आपल्या शहरांतून नाहींसें होण्यास कायद्याचाही हात लागला आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलें. फाळणीच्या व महागाईच्या दिवसांत गरिबांस आसरा देण्यासाठीं तें आवश्यक होतें. परंतु तात्पुरती मलमपट्टी अर्धशतक तशीच बांधून ठेवली गेली. दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून निघेना, मालकानें इमारतीकडे पाठ फिरविली, पागडीचा अंधारा व्यवहार बोकाळला, आणि पावसाळ्यांत जुन्या इमारती कोसळून माणसें मरूं लागलीं. डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हें गोठविणें काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचा निर्णय दिला, आणि १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत येऊन दर वर्षीं चार टक्के वाढीस वाट झाली. तोंपर्यंत भाड्यासाठीं घर बांधणारा मनुष्य बाजारांतून उठून गेला होता.

परिणाम आंकड्यांत पाहावा. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीप्रमाणें भारतीय शहरांत १९६१ सालीं शेंकडा ५४ घरें भाड्याचीं होतीं. २०११ सालीं तें प्रमाण शेंकडा २८ वर उतरलें. त्याच पाहणींत म्हटलें आहे कीं २०११ च्या शिरगणतींत एकट्या मुंबईंत ४ लाख ८० हजार घरें रिकामीं आढळलीं. एकीकडे कुलपें लागलेलीं घरें, दुसरीकडे खाटेपुरती जागा भाड्यानें घेणारे तरुण, असें हें चित्र आहे. विकत घेण्याची ऐपत नाहीं व भाड्यानें मिळत नाहीं, तेव्हां माणूस झोपडपट्टीच्या वाटेस लागतो. आणि मग त्या झोपडपट्टीविरुद्धही आपलेच अर्ज निघतात.

परदेशांत याहून वेगळी वाट काढणारें शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरी घरांच्या टंचाईनें गांजली असतां तेथील नगरपालिकेनें १९२३ सालीं घरांवर खास कर बसविला. मोठ्या घरांवर भारी व लहान घरांवर हलका, अशी त्याची रचना होती. १९३४ पर्यंत तेथें साठ हजारांवर भाड्याचीं घरें नगरपालिकेनें बांधलीं. त्यांपैकीं १९३० सालीं खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एका वसाहतींत १,३८२ घरें असून धुलाईघर, बालवाडी व ग्रंथालय यांचीही सोय होती. आज त्या शहरांतील सुमारें निम्मे लोक नगरपालिकेच्या अथवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत भाड्यानें राहतात, आणि त्यांत कारकुनाप्रमाणें डॉक्टरही असतात. भाड्यानें राहणें हें तेथें कमीपणाचें लक्षण ठरत नाहीं.

आपल्याकडे तें तसें कां ठरतें, याच्या मुळाशीं गेल्यास एक जुनी ओळखीची गोष्ट हातीं लागते. १९१७ सालीं विलायतेहून परतलेल्या आंबेडकरांस बडोदें संस्थानांत नोकरी होती, परंतु बडोद्यांत राहावयास जागा नव्हती. पारशी धर्मशाळेंत ते उतरले, तेथून त्यांस काठ्या घेऊन आलेल्या जमावानें बाहेर काढलें. त्यानंतर राज्यघटना आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव व रस्ते हीं जातिधर्माचा भेद न करतां सर्वांस खुलीं केलीं. भाड्यानें द्यावयाच्या खासगी घराचा उल्लेख मात्र त्या यादींत नाहीं. २००५ सालीं एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत, सभासदत्व एका समाजापुरतें ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य धरला. म्हणून आजही आडनांव विचारून, ताटांत काय असतें हें विचारून, लग्न झालें आहे कीं नाहीं हें विचारून घर नाकारलें जातें, आणि नाकारणारा कायद्याच्या कचाट्यांत सहसा सांपडत नाहीं. भाड्याच्या इमारतीस होणारा सगळा विरोध या वृत्तींतून निघतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या इमारतींत आडनांव न विचारतां सोडतीनें खोली मिळणार, तीच इमारत पुष्कळांस नको असते, हेंही आम्ही लपवूं इच्छित नाहीं. विहीर खुली झाली, देऊळ खुलें झालें. आतां जिना खुला होणें राहिलें आहे.

सरकारासही आमचें सांगणें आहे. २००८ च्या सुमारास महानगर प्रदेशांत १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना निघाली, बिल्डरांस वाढीव चटईक्षेत्र मिळालें, आणि पुढें योजनेचें स्वरूपच बदललें. घरें भाड्याऐवजीं भलत्याच कामीं लागलीं. तो अनुभव लोक विसरलेले नाहींत. तेव्हां प्रथम, प्रत्येक प्रस्तावाबरोबर पाणी, मलनिःसारण व रस्ते यांचा हिशेब मराठींत प्रसिद्ध करावा. इमारत रेल्वेच्या वा बसच्या वाटेवर असावी, ओसाड माळावर नव्हे. करार किमान तीन वर्षांचा असावा व वाढीचें प्रमाण आरंभींच लिहिलेलें असावें, म्हणजे मालक बुडणार नाहीं व भाडेकरू उठणार नाहीं. भाड्याचा ठराविक हिस्सा दुरुस्तीच्या निधींत पडावा. भाड्यासाठीं म्हणून सवलत घेतलेली इमारत विकून टाकण्यास मज्जाव असावा. आणि सर्वांत महत्त्वाचें, जात, धर्म, आहार वा अविवाहितपणा या कारणांनीं घर नाकारणें हा दंडनीय गुन्हा करणारा कायदा विधिमंडळानें करावा.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांसही एक विनंति आहे. त्यांच्यापुढें जे लोक बसतात ते सर्व आधींच घर मिळालेले असतात. जी मुलगी पुढील जून महिन्यांत साताऱ्याहून वा परभणीहून नोकरीसाठीं येणार, तिला अजून त्या गल्लींत पत्ताच नाहीं. ती हरकत वा सूचना कोठून पाठविणार? सभागृहांतील आवाजांची मोजदाद करून निर्णय देणें म्हणजे एकाच पक्षाचे साक्षीदार ऐकून निकाल देणें होय. गैरहजर पक्षाची बाजू मांडण्याचें कर्तव्य अधिकाऱ्यांवर व आमच्यासारख्या पत्रांवर येऊन पडतें.

आतां हरकतदार बंधुभगिनींस शेवटचें सांगणें. आपण लिहिलेला अर्ज पुन्हां एकदां काढून वाचा. पाणी, गटार, उजेड, आगीचा बंब यांविषयींच्या ओळी ठेवा, त्यांस आंकड्यांची जोड द्या आणि उत्तर मिळेपर्यंत महापालिकेचा पिच्छा सोडूं नका. 'तसले लोक', 'बाहेरचे', 'एकटे-दुकटे' हे शब्द ज्या ओळींत असतील त्या मात्र खोडून टाका. मग जो अर्ज उरेल त्यावर आम्हीही आनंदानें सही करूं.